कच्चा खर्डा

लिहायला मला बसवलं,
कारण पोडात माझं अक्षर बरं
आणि बारावीत इंग्रजी राहिलं तरी
पेन राहिलं होतं.

किनवटहून सर आले, छापील नमुना देऊन गेले.
'आम्ही, ............ येथील रहिवासी'
मध्ये टिंबं, मुंग्या निघाल्यासारखी.
तिथं नाव भरा, खाली सह्या करा,
म्हणाले, अर्ध्या तासाचं काम.

अकरा रात्री लागल्या.

पहिली नावातच गेली.
तलाठ्याच्या दप्तरात आम्ही वस्ती क्रमांक तीन.
लच्छू नाईक म्हणाले, सावरपोड लिही.
जैतू म्हणाला, सावर तर रस्त्यात गेली.
बुंध्याचा खड्डा आहे ना अजून, नाईक म्हणाले.
लिहिलं.

दुसऱ्या रात्री पोचूबाईनं 'आम्ही' अडवला.
आम्ही म्हटलं की समोर कुणीतरी उभं असतं,
अंगणात, बूट घालून.
हे कुणाला सांगतोय आपण?
आपल्याला की त्याला?
आमच्या बोलीतही हे दोन शब्द वेगळेच,
एकात ऐकणारा दाराबाहेर,
एकात चुलीपाशी, राखेत पाय शेकत.
फॉरेस्टच्या साहेबाला दाखवायचं तर आम्ही.
पोरांना वाचून दाखवायचं तर आपण.
खोडलं, लिहिलं, खोडलं,
तिथं कागदाला भोक पडलं.

सर ज्याला कलम म्हणतात
ते पोडाला आंब्याचं माहीत.
कृषी खात्यानं चार दिली होती,
तीन वाळली. एक शेणाची पट्टी बांधून
अजून उभं आहे, ना मोठं होत ना मरत.
म्हणून मी नुसते आकडे टाकले.

तीन : एका वर्षाच्या बांबूला कुऱ्हाड लावायची नाही.
हे लिहायचं कशाला, जैतू म्हणाला, लावतंय कोण?
पाच : तेलंगणात कापूस वेचायला गेलेल्यांचंही मत धरायचं.
त्यासाठी दोघं टेकडीवर चढले,
रेंज तिथल्या एकाच खडकावर येते.
पलीकडून कुणीतरी विचारलं,
आमच्या शेळ्या कुणी बघतंय का?
ते लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

सातव्या रात्री नऊ नंबर.
नाईक म्हणाले, बाईनं त्या दिवसांत
कडेच्या झोपडीत राहायचं, रीत आहे, लिही.
चावडीच्या पायरीखाली बाया बसल्या होत्या,
एकीच्याही बांगडीचा आवाज नाही.
मग मुत्तूबाई म्हणाली, लिहा की.
पण त्या झोपडीत पावसातली एक रात्र
ज्यानं काढली असेल
त्यानंच खाली सही करा.

कुणीतरी हसलं. मग कुणीच नाही.

मी त्या रात्री तिसऱ्या दिवसात होते.
चावडीच्या मधोमध, सौर दिव्याखाली,
वही माझ्या मांडीवर.
कुणाला सांगितलं नव्हतं.
दिवा विझला नाही, देव उठला नाही.
मी लिहिलं, नऊ,
आणि पुढं पाच ओळी सोडल्या.

शेवटच्या रात्री अंगठे.
चिन्नू बाबा मागं मागं सरकत होता.
साठ वर्षं बांबूच्या कामट्या सोलून
त्याच्या अंगठ्याच्या रेघा गेल्यात,
रेशनचं मशीन त्याला ओळखत नाही,
दर महिन्याला तीनदा पुसून लावतो,
मग नातवाला पाठवतो.
नाईकांनी त्याचा हात धरून शाईत बुडवला.
कागदावर एक निळा डाग उठला,
नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत.
मी शेजारी लिहिलं : हा चिन्नूच आहे.
खाली बाकीच्यांनी आपापले अंगठे लावले.

सर अजून आले नाहीत.
वही आमच्या घरी, ज्वारीच्या बियाण्याच्या डब्यात.
उंदरांना पत्रा चावत नाही.
पहिल्या पानावर भोक तसंच आहे,
त्यातून दुसरं पान दिसतं.
रात्री कधी कधी कडी वाजते.
मुत्तूबाई असते, कधी तिची सून,
परवा तर जैतूच होता, बाहेरूनच म्हणाला,
झोपलीस का? नऊ नंबर काढ.